अर्ध्या तासाचं आंगधुणं

किशोर ताथोडला आयुष्यात फार काही नको होतं. अर्धा तास हवा होता. दार लावलेला, सलग, आणि ज्यात कोणी हाक मारणार नाही असा. लोक याच कामासाठी हिमालयात जातात. पण किशोरच्या रजा संपल्या होत्या, म्हणून त्यानं बाथरूम बांधायचं ठरवलं.

तसं जठारपेठेतल्या त्याच्या घरात बाथरूम होतंच. दाराला आतून कडीही होती. अडचण एवढीच की, ती कडी लागल्याचा आवाज झाला की घरातल्या प्रत्येकाला किशोरशी काहीतरी तातडीचं बोलायचं आठवायचं. एरवी तो समोर बसून असला तरी त्याचे वडील चंद्रभान पेपरातून डोकं वर काढायचे नाहीत. डोक्यावर पहिला मग्गा पडला रे पडला, की ते दाराशी येऊन विचारायचे, "किशोर, आपल्या हिवरखेडच्या वावरातली मोटर कोन्या साली घेतली होती रे?" आई गोदाबाई खिडकीच्या फटीतून सिलिंडरचा नंबर लावायला सांगायची. बायको प्रणाली दाराखालून विजेचं बिल सरकवायची. आणि चौथीतली आचल शाळेची ऑटो दारात उभी ठेवून विचारायची, "बाबा, टुंड्रा प्रदेशात कोणतं पीक घेतात?" डोळ्यांत साबण गेलेला असताना टुंड्रा प्रदेशाची पीकपद्धती सांगणारा अकोल्यात दुसरा बाप नसावा.

ऑफिसात तरी शांतता असावी, तर तो एका सरकारी कार्यालयाच्या आवक विभागात होता. आवक विभाग म्हणजे दारातून आत आल्यावरचं पहिलं टेबल. तिथं येणारा माणूस साहेब कुठं बसतात इथपासून मुतारी कुठं आहे इथपर्यंत सगळं किशोरलाच विचारायचा, आणि किशोरनं सांगितल्यावर खात्री करायला पुढच्या टेबलावर जायचा.

अशात खात्यानं त्याला प्रशिक्षणासाठी नागपूरला पाठवलं. उतरायला हॉटेल दिलं आणि त्या हॉटेलच्या बाथरूमात टब होता. बाजूला मेणबत्ती, कोपऱ्यात हिरवं झाड आणि छतातून कुठून तरी बासरी. किशोर त्या टबात गेला तो बोटांची कातडी सुरकुतेपर्यंत बाहेर आला नाही. तेवढ्या वेळात त्याला कोणीही काहीही विचारलं नाही. प्रशिक्षण कशाचं होतं ते त्याला आजही सांगता येणार नाही. सुदैवानं खात्यानंही विचारलेलं नाही.

परत आल्यावर त्यानं घरात जाहीर केलं, की आपण बाथरूम नव्यानं बांधतो आहोत, स्पासारखं.

"स्पा म्हनजे काय असते?" चंद्रभानांनी विचारलं. ते कृषी खात्यातून निवृत्त झाले होते, पण पाहणी करायची सवय निवृत्त झाली नव्हती.

"मन शांत होते बाबा त्याच्यानं."

"मन शांत कराले आंग कायले ओलं करा लागते? मी पेपर वाचतो."

गोदाबाई म्हणाली, "दोन बादल्यात आंगधुणं होते बावा मानसाचं. बसून बसून आंग धुवाले तू काय म्हैस हायेस?"

प्रणालीनं मात्र विरोध केला नाही. टाइल्स शेवाळी रंगाच्या हव्यात, एवढंच ती म्हणाली, आणि लगेच अमरावतीला भावाला फोन लावला. तिचा भाऊ सागर याचं अमरावतीत टाइल्सचं आणि नळांचं दुकान होतं. दुकान लागल्यापासून तिथं एक टब पडून होता. अमरावतीच्या लोकांनी तो पाहिला होता, त्यात आपापली लहान मुलं बसवून फोटो काढले होते, आणि घेतला कोणीच नव्हता. असा माल खपवायला बहिणीचं घर फार कामाचं असतं.

टब बसेल का हे पाहण्यासाठी किशोर स्वतः बाथरूमच्या फरशीवर उताणा झोपला आणि प्रणालीनं त्याच्याभोवती खडूनं रेघ मारली. दिसायला ते पोलीस पंचनाम्यासारखं दिसत होतं, पण माप बरोबर आलं. टब आत अगदी नेमका बसत होता. तो आत जाणार कुठून, हे मात्र कोणी मोजलं नाही. किशोर दारातून चालत आत गेला होता. टबाला पाय नव्हते.

सागर स्वतः टेम्पोतून टब घेऊन आला. "भाऊजी," तो उतरता उतरता म्हणाला, "मूर्तिजापूरले चहा प्यायले थांबलो, तं दोघाजनांनं म्हशीच्या पान्यासाठी मांगितला. पन मी नाई म्हटलं. म्हटलं, हा आमच्या जवयासाठी हाये."

दार अरुंद निघालं. टब आडवा, उभा, तिरपा असा सगळ्या बाजूंनी दाराला दाखवून झाला. मग देवमनला बोलावलं. देवमन गवंडी होता आणि प्लंबरही होता. त्यामुळे चूक ढकलायला त्याला दुसरा कारागीर मिळायचा नाही, म्हणून तो ती घरावर ढकलायचा.

"टब बरोबर हाये," त्यानं निकाल दिला. "तुमचं घरच तिरपं हाये भाऊ."

"मग?"

"भित पाडा लागते."

भिंत पाडली. ती बाथरूमची भिंत नव्हती, स्वयंपाकघराची होती, हे पाडून झाल्यावर कळलं. देवमन म्हणाला, बरं झालं, हवा खेळते. टाइल्सवाला येईपर्यंत टब अंगणात उन्हात राहिला आणि ताथोड कुटुंब शेजारी उत्तमरावांकडे आंघोळीला जाऊ लागलं. मे महिना होता. पांढरंशुभ्र, उंच काठाचं, कुत्र्याला चढता न येणारं असं एवढं मोठं भांडं अंगणात मोकळं पाहून गोदाबाईचा जीव राहिना. तिनं त्यात मुंगवड्या वाळत घातल्या. शेजारच्या बायका येऊन हात लावून पाहू लागल्या. टबाचं कौतुक अमरावतीत झालं नव्हतं ते अकोल्यात झालं, फक्त आंघोळीसाठी नाही.

शेजारी उत्तमराव हे गल्लीतले जाणते गृहस्थ. त्यांचं खास क्षेत्र म्हणजे मयत. गल्लीत कोणी गेलं की बांबू, सुतळी, मडकं, पांढरं कापड, सगळं उत्तमरावांकडे तयार असायचं. तिरडी बांधावी तर त्यांनीच. त्यांच्या हाताखाली गेलेल्या एकाही माणसाची आजवर तक्रार नव्हती. असा माणूस बाथरूमसारख्या फुटकळ विषयात सल्ला देतो हीच मेहरबानी होती.

"पाय दक्षिणेकडे येऊ देऊ नको," त्यांनी किशोरला बजावलं. "थे निराळ्या टायमाचं हाये."

पाय उत्तरेला करायचे तर तोटी डोक्यावर येत होती. देवमननं तोटी डोक्यावर येऊ दिली. छताला ताटाएवढा शॉवर लावला. टाकी गच्चीवरच असल्यानं पाण्याला उतरायला उंचीच मिळत नव्हती. शॉवर उघडला की म्हाताऱ्या माणसाला काहीतरी आठवावं तसा एक थेंब यायचा, मग बराच विचार करून दुसरा. देवमन म्हणाला, स्पामध्ये असंच असते, घाई नसते. गरम आणि थंड अशा दोन तोट्या होत्या. मे महिन्यातल्या अकोल्यात थंड तोटीतून गरम पाणी यायचं आणि गरम तोटीतून येणाऱ्या पाण्यात चहापत्ती टाकली असती तरी चाललं असतं. कोपऱ्यात प्रणालीनं शोभेचा बांबू ठेवला. चंद्रभानांनी तो पाहिला, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी तिथं पपईची रोपं दिसली. ओलावा वाया जात होता, म्हणाले.

शेवटी बाथरूमचीही भिंत पाडून, पुन्हा बांधून टब बसला. शेवाळी टाइल्स लागल्या. किशोरनं लॅव्हेंडरची मेणबत्ती आणली, सुगंधी तेल आणलं, बासरीसाठी छोटा स्पीकर आणला. खांद्यावर टॉवेल टाकून तो बाथरूमकडे निघाला आणि दारातच थबकला. टब काठोकाठ भरलेला होता आणि गोदाबाई त्यावर प्लायवूड झाकत होती.

नळ आला होता.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. अकोल्यात नळ रोज येत नाही. तो पाहुण्यासारखा येतो. कधी येणार ते सांगत नाही आणि आला की घरातलं सगळं बाहेर काढावं लागतं. त्या दिवशी घरात एकही भांडं रिकामं दिसता कामा नये, असा ताथोडांच्याच काय, गल्लीतल्या प्रत्येक घराचा धर्म आहे. गोदाबाई त्या दिवशी ड्रम, गुंड, बादल्या भरून झाल्यावर कुकरची भांडी भरायची, मग आचलची शाळेची बाटली, मग फुलदाणी. अशा बाईसमोर कोणी म्हशीएवढं भांडं आणून ठेवलं आणि म्हटलं की यात मी बसणार आहे, तर ती त्याच्याकडे कशी पाहील? गोदाबाईनं तसंच पाहिलं.

"आई, हा बसायचा हाये."

"बस ना. पानी सरलं का बस."

पाणी सरायच्या आत पुन्हा नळ यायचा. टब पुन्हा भरायचा. किशोर टबाशेजारी, पपईच्या रोपांकडे पाठ करून, बादलीतून आंघोळ करू लागला. टबामुळे जागा उरली नव्हती, त्यामुळे आता कोपर भिंतीला लागायचं. दार वाजायचं ते वाजतच होतं, उलट वाढलं होतं. कारण घराचं निम्मं पाणी आत होतं आणि ते न्यायला प्रत्येक जण यायचा. आंघोळ अर्ध्यावर असताना प्रणाली दाराआडून म्हणायची, "भाजीपुरतं एक गंजभर पानी द्या ना इकडे." किशोर द्यायचा. अर्ध्या तासाच्या एकांतासाठी बांधलेल्या खोलीत तो पाणीवाटप अधिकारी झाला होता.

मग एक दिवस आरोग्य खात्याकडून दीपमालाताई आल्या. घराघरांत साठवलेलं पाणी तपासायचं, त्यात डासांच्या अळ्या आहेत का पाहायचं आणि दारावर खडूनं खूण करून जायची, हे त्यांचं काम. त्यांनी प्लायवूड उचललं आणि बॅटरीनं टबात पाहिलं.

"हे काय हाये दादा?"

"टब," किशोर म्हणाला.

"असं कराचं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळाचा. सारं पानी फेकून भांडं उपडं कराचं."

"मले चालते," किशोर इतक्या उत्साहानं म्हणाला की ताईंना संशय आला. पण मधे गोदाबाई होती.

"बाई, आमच्याइकडे नळच आठवडाआठवडा तोंड दाखवत नाई. कोरडा तं आमी रोजच पाळतो. आन थे उपडं कराले चार गडी लागतीन."

दीपमालाताईंकडे याच्यावरही उपाय होता. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली आणि टबात गप्पी मासे सोडले. हे मासे अळ्या खातात. खूण करून ताई गेल्या, आणि ताथोडांच्या स्पामध्ये मासे राहायला आले.

प्रणालीनं काठावरून वाकून पाहिलं. "पुन्यातल्या स्पात मासोळ्या पायाले चावतात म्हने. त्याचं तिकीट असते. तुमचं तं फुकटातच झालं."

माशांनी आळस केला नाही. थोड्याच दिवसांत टबात इतके मासे झाले की चंद्रभान खुर्ची घेऊन आत बसू लागले. त्यांनी माशांना चिमूटभर कणीक टाकायची वेळ ठरवली, आणि ती नेमकी किशोरच्या आंघोळीची होती. एवढ्या वर्षांत बाप-लेक एका खोलीत इतका वेळ कधी बसले नव्हते. फक्त एकाच्या अंगावर कपडे नव्हते.

किशोर मासे परत करायला संबंधित कार्यालयात गेला. तिथल्या बाबूनं शांतपणे ऐकून घेतलं. किशोरला ती शांतता ओळखीची वाटली. तो स्वतः टेबलामागून तीच वापरायचा.

"मासे मेले का?"

"नाही, जिवंत आहेत."

"मेले असते तं नवे दिले असते. जिवंत हायेत ही तक्रार आपल्याकडे बसत नाई."

घरी येऊन तो ओट्यावर बसला तो उठलाच नाही. त्याचा चेहरा पाहून प्रणालीला दया आली, किंवा कंटाळा आला. लग्नाला बारा-पंधरा वर्षं झाली की दोन्ही सारखंच दिसतं. तिनं मासे गाळणीनं निळ्या ड्रममध्ये हलवले. टबातलं पाणी झाडांना घातलं, टब घासला, गच्चीवरची टाकी ओतून नव्यानं भरला आणि म्हणाली, "येत्या रविवारी बाबा वावरात जाऊन राहिले हिवरखेडले. मी आचलले घेऊन माह्या मैत्रिणीकडे जातो. आईले मी सांगतो, दाराले हात लावू नका. काय शांत व्हाचं थे होऊन घ्या एकदाचे."

आणि रविवार आला. चंद्रभान पहाटेच्या एसटीनं गेले. प्रणाली आचलचा हात धरून घाईनं बाहेर पडली. गोदाबाई पदर डोक्यावर घेऊन ओट्यावर गप्प बसली, कारण तिला दाराला हात लावायचा नव्हता आणि त्याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. किशोरनं मोबाइल बंद केला, साधी मेणबत्ती लावली, लॅव्हेंडरची संपली होती म्हणून चंदनाची अगरबत्ती लावली, स्पीकरवर बासरी सुरू केली आणि टबात उतरला.

पाणी कोमट होतं. फेस होता. बासरी अत्यंत दुःखी होती, पण शांत करणारी बासरी दुःखीच असते, त्याला इलाज नाही. किशोरनं डोळे मिटले. कोणी हाक मारली नाही. मोटर कोणत्या सालची, कोणी विचारलं नाही. त्याला वाटलं, हेच ते.

बाहेर उत्तमराव दूध घेऊन चालले होते. त्यांनी ताथोडांच्या दाराशी पाय थांबवला. आतून चंदनाचा वास. आतून रडकी बासरी. गोदाबाई डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर सुन्न. सून पोरीला घाईघाईनं घरातून बाहेर नेताना त्यांनी मघाच पाहिली होती, आणि लेकरांना का बाहेर नेतात हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? चंद्रभान सकाळपासून दिसले नव्हते. उत्तमरावांनी काही विचारलं नाही. कच्चा माणूस विचारतो. त्यांनी लांबूनच गोदाबाईला हात जोडले. दूधपिशवी हातात घेऊन हात जोडणारा माणूस पाहून गोदाबाईनंही हात जोडले. उत्तमराव घरी गेले, डोक्याला दुपट्टा बांधला आणि कामाला लागले.

किशोरला टबात पहिल्यांदा ऐकू आलं ते खुर्च्या मांडल्याचं. कोणाकडे तरी कार्यक्रम असेल, त्याला वाटलं. मग बांबू तोडल्याचा आवाज आला. मांडव असेल. मग बऱ्याच चपला काढल्याचा आवाज आला, आणि मग बरीच माणसं एकत्र गप्प बसली की जो आवाज होतो तो. आणि मग त्याच्याच ओट्यावरून उत्तमरावांच्या बायकोनं, सत्यवतीकाकूंनी, असा गळा काढला की टबातला फेस थरथरला.

किशोर टॉवेल गुंडाळून बाहेर धावला. अंगणात गल्ली बसली होती. पुढे उत्तमराव तिरडीची गाठ मारत होते. सगळ्यांनी मान वर करून कानाला फेस लागलेल्या किशोरकडे पाहिलं. गोदाबाई मधोमध बसून सत्यवतीकाकूंच्या गळ्यात गळा घालून रडत होती. कोण गेलं हे तिला माहीत नव्हतं, पण एवढी माणसं रडत असताना विचारणं बरं दिसलं नसतं.

"काय झालं?" किशोरनं विचारलं.

"धीर धर," उत्तमराव म्हणाले. "आंग धुवून घेतलं थे बरं केलं. बाप कोठी ठेवला?"

"बाबा हिवरखेडले गेले."

"आँ?"

"वावरात गेले. एसटीनं."

उत्तमरावांचे हात गाठीवरच राहिले. "मंग गेलं कोन?"

"कोणीच नाही गेलं काका."

"कोनीच नाई म्हनजे?" त्यांनी अंगणाकडे, खुर्च्यांकडे, बांबूंकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा मान कोणी ठेवला नव्हता. "मी बांबू आनला न लेका."

तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं. "हिवरखेडले म्हनतं? मी तं तुह्या चुलतभावाले, श्यामले, फोन केला. ताथोडाच्या घरी झालं, निघा म्हटलं."

"कोण गेलं म्हणून सांगितलं?"

"नाव नाई घेतलं. अशा वक्ताले नाव घेत नाई."

किशोरनं मोबाइल चालू केला, श्यामला लावला, बाबांना लावला. रस्त्यात रेंज नव्हती. गल्लीतलं कोणीही घरी गेलं नाही. आता थांबण्याला खरा अर्थ आला होता.

दुपारी जीप आली. आत मावतील त्याहून जास्त ताथोड तिच्यातून उतरले. शेवटी चंद्रभान उतरले. डोळे सुजलेले, हातात वावरातून घाईनं उचललेला पेपर. त्यांनी दारातल्या किशोरकडे पाहिलं. गोदाबाईकडे पाहिलं. धावत आलेल्या प्रणालीकडे आणि आचलकडे पाहिलं. घरातली सगळी माणसं जागेवर होती. त्यांनी उत्तमरावांना विचारलं, "मंग कोन गेलं?"

"तुमी," उत्तमराव म्हणाले.

चंद्रभानांनी थोडा विचार केला. मग ते तिरडीपाशी गेले, बांबू दाबून पाहिला, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाले, "काम चांगलं केलं."

श्याम म्हणाला, खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढते, झालं थे बरंच झालं. यावर सगळ्यांचं एकमत झालं. प्रश्न दुसराच उरला. मयतीला निघालेला माणूस आंग धुतल्याशिवाय अन्नाला शिवत नाही आणि घरी परतत नाही. आता मयत झाली नव्हती हे खरं, पण श्यामनं मुद्दा मांडला, "झाली नसन, पन आमी निघालो तं मयतीलेच न." याला उत्तमरावांनी, या विषयातले अधिकारी म्हणून, दुजोरा दिला. आणि सबंध घरात भरलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं.

त्या दिवशी ताथोडांच्या स्पामध्ये अख्खं हिवरखेड शुद्ध झालं. आधी पुरुष, मग बाया, मग शंका नको म्हणून गल्ली. टॉवेल ओला, डोळे तृप्त, अशी एकेक व्यक्ती बाहेर येऊन किशोरला सांगायची, की बाथरूम मोठं झकास केलं. कोणी सुगंधी तेल डोक्याला चोपडलं. कोणी मेणबत्ती खिशात घालून नेली. शॉवरखाली एक आजोबा बराच वेळ उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, याची तोटी गळते, बदलून घेजो. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सत्यवतीकाकूंनी आधीच पिठलं-भाकर केली होती. चंद्रभान पंगतीच्या मानाच्या जागेवर बसून आपल्याच मयतीचं पिठलं दोनदा वाढून घेऊन जेवले. किशोर शेवटपर्यंत बादल्या उचलून देत होता. त्याच्या अंगावरचा सकाळचा फेस तसाच वाळला होता.

जीप गेली. गल्ली पांगली. टबाच्या तळाला काळ्या मातीचा गाळ बसला होता. गोदाबाई पदर खोचून म्हणाली, "मी घासून काढतो थे," आणि आत गेली. दार लागलं. आणि आतून कडी लागली.

कडीचा आवाज ऐकल्याबरोबर किशोरला आठवलं, की कोरडा टॉवेल कुठं आहे हे आईला विचारायचं आहे. तो दाराशी गेला. हात वर केला. आतून घासण्याचा आवाज येत नव्हता. तोटी सुरू झाल्याचा आला. मग बराच वेळ काही नाही. मग बासरी लागली.

"आई?"

"काय हाये?"

हे 'काय हाये' किशोरच्या ओळखीचं होतं. गेली कित्येक वर्षं तो आतून हेच, याच सुरात म्हणत आला होता. या घरात सून म्हणून येऊन इतकी वर्षं झालेली त्याची आई कधी किती वेळ आंघोळ करते, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आठवायला गेला तर तिचं दार लागलेलंही आठवेना.

"काही नाही," तो म्हणाला, आणि पॅसेजमधली एक प्लास्टिकची खुर्ची ओढून दाराशी बसला.

थोड्या वेळानं चंद्रभान आले. "तुही माय कोठी हाये? चाय सांगाचा होता."

"आत हाये."

"आन तू?"

"माहा नंबर हाये," किशोर म्हणाला.

चंद्रभानांनी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल पाहिला आणि ते परत गेले. मग आचल टुंड्रा प्रदेशाच्या पुढचा धडा घेऊन आली, टॉवेल पाहिला आणि आईकडे गेली. मग प्रणाली बिल घेऊन आली, टॉवेल पाहिला आणि बिल घेऊन गेली. किशोरच्या हळूहळू लक्षात आलं. आत बसलेल्या माणसाला जग काहीही विचारतं. पण बाहेर नंबर लावून बसलेल्या माणसाला कोणी काम सांगत नाही. त्याची दया येते. तो आधीच कामात असतो.

तेव्हापासून गोदाबाई रोज दुपारी आत जाते. कडी लावते. मासे ड्रममध्ये आहेत, टब तिचा आहे, आणि नळाच्या दिवशीही ती तो भरून ठेवत नाही. कुकरची भांडी भरते, फुलदाणी भरते, टब नाही. याबद्दल तिला कोणी विचारत नाही, कारण दाराशी किशोर बसलेला असतो.

मागच्या आठवड्यात गोदाबाई बहिणीकडे गेली. दुपारी घर शांत होतं. टब मोकळा होता, दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. किशोरनं दारातून आत पाहिलं. शेवाळी टाइल्स, नवी मेणबत्ती, पपईची रोपं. त्यानं आत जाऊन बासरी लावली, अगरबत्ती लावली, बाहेर आला, दार ओढून घेतलं, आणि खांद्यावर टॉवेल टाकून खुर्चीवर बसला.

चंद्रभान आले. बासरी ऐकली. "कोन हाये आत?"

किशोरनं फक्त मान हलवली.

"बरं, चालू दे," म्हणत ते पेपर घेऊन परत गेले.